वादळ कुठल्या हाताला?

मंगळवार, ३ फेब्रुवारी

स्नेहलचा मेसेज आला एकदाचा! जहाज डर्बनहून मॉरिशसला निघालंय, पूर्वेकडे. "आई, जवळपास वादळ आहे म्हणतात. वारा दक्षिणेकडून, जोराचा. काळजी नको." काळजी नको म्हणे! बावीस वर्षांची पोर, बोटीवरची पहिलीच नोकरी.

शेवटी माझ्यातली भूगोलाची बाई कामाला आली. घरामागच्या कातळावर जाऊन, तिचा वारा माझ्या पाठीवर घेतल्यासारखी उभी राहिले — पाठ दक्षिणेला, पावस गावाकडे, तोंड उत्तरेला. पृथ्वी फिरते म्हणून वारा सरळ जातच नाही, वळतो. त्यामुळे वाऱ्याकडे पाठ केली की वादळ डाव्या हाताला. इतकी वर्षं शिकवतेय! डावा हात पश्चिमेला. म्हणजे वादळ मागे पडलं! लगेच तिला कळवलं. उत्तर आलं — "वा बाई, हुशार!" तिचा बाबा प्रमोद हसला, "आता कप्तानालाही शिकव." दोघं पोटभर जेवलो.

बुधवार, ४

झोप छान लागली. मेसेज नाही. रेंज नसेल.

गुरुवार, ५

नववीला वारे शिकवत होते. फळ्यावर पृथ्वीचा गोल, मध्ये विषुववृत्त. "उत्तर गोलार्धात वारे उजवीकडे वळतात, दक्षिण गोलार्धात—" आणि खडू हातातच राहिला. दक्षिण! स्नेहल विषुववृत्ताच्या खाली आहे. तिथे सगळं उलट. तिथे उजवा हात! उजवा म्हणजे पूर्व. पोरगी वादळाकडेच चाललीय, आणि मी मागे पडलं म्हणून कळवून मोकळी!

"बाई, काय झालं?" मुलं विचारत होती. काय सांगू, डोंबल! पोरगी सारखी डोळ्यांसमोर, म्हणून ती इथेच आहे असं धरून चालले. मेसेजवर मेसेज टाकले. एकच टिक.

प्रमोद म्हणाला, "अगं, कप्तान काय तुझ्या हातावर जहाज चालवतो?" खरंय. पण त्याच्याही घशाखाली घास उतरला नाही.

शुक्रवार, ६

अजून एकच टिक. फार भीती वाटतेय.

रविवार, ८

फोन आला! आवाज पार बसलेला. कप्तानाने जहाज वळवलं, तरी वादळाच्या कडेने झोडपलंच. सगळे सुखरूप आहेत. मी रडतच सुटले — "चुकले गं, मी उलटा हात सांगितला!"

"मला तेव्हाच कळलं होतं, आई. म्हटलं, तू तरी झोप."