आकडीनं सारलेलं ताट

शेणवा, मंगळवार, मे २०२१

आज सासूबाईंना कोरोना निघाला आणि घरात सगळ्यांना एकदम माझी आठवण झाली. नर्सबाई अंगणातूनच म्हणाल्या, "हिला मार्चमध्ये होऊन गेलाय. शरीर त्याची ओळख धरून ठेवतं. परत आला की रक्तातल्या पेशी लगेच त्याच्यावर तुटून पडतात. काही महिने तरी हिला धोका कमी."

झालं, सेवा माझ्या गळ्यात.

आता सासूबाईंना ठेवलंय त्याच खोलीत मार्चमध्ये मी तापानं फणफणत होते, तेव्हा त्या आंबे काढायच्या आकडीनं ताट आत सारायच्या. आमटी सांडायची. घाबरल्या होत्या, मान्य. पण मग हसायच्या कशाला?

संध्याकाळी हाक आली, "आत ये गो. पाठ चोळ जरा. तुला आता काय होत नाय."

खरंच होतं ते. त्यांनाही ठाऊक, मलाही.

मी पडवीतली आकडी काढली आणि उंबऱ्याबाहेरूनच ताट आत सारलं. आमटी सांडली.

शरीर ओळख विसरत नाही, नर्सबाई बरोबर बोलल्या. हसायचं मात्र मी उद्यावर ठेवलंय.