हंगामात धुतलेली टोपी

प्रिय राडामेस,

हे पत्र वाचून झालं की मिळेल ती बस पकड आणि गुरुवारच्या आत बानीला ये. का, ते शेवटी सांगते. आधीच सांगितलं तर तू बाकीचं वाचणार नाहीस, आणि बाकीचं ओठांवर यायला मला वीस वर्षं लागलीत. अक्षर शेजारच्या नेरेइदाचं आहे. शिवणाचं मशीन बंद ठेवून बसलीय बिचारी. बेसबॉलात ती राजधानीच्या संघाची, पक्की निळी, त्यामुळे सान्तियागोच्या पिवळ्यांबद्दल काही बरं आलं की तिचा हात अडतो. "दोन्या एदुविहेस, हेसुद्धा लिहायचं?" म्हणते. लिही बाई, पत्र माझं आहे! फोनच केला असता, पण तो घरात, आणि आपल्या भिंती फळ्यांच्या. इकडे मी खोकले की तिकडून तुझा बाप विचारतो, काय झालं म्हणून. तेव्हा पत्र बसवाल्या चेपेच्या हाती देते आहे. त्याला दोनदा कॉफी पाजली आहे.

इकडे हंगाम ऐन रंगात आहे आणि आपल्या घरात महिनाभर पंचाला एक शिवी ऐकू आलेली नाही. तूच सांग, तुझ्या बापाच्या, माझ्या फाउस्तोच्या घरात हे शोभतं का? रविवारी दुपारी निळ्यांची मॅच होती. गल्लीत सगळ्यांचे रेडिओ ओरडत होते, आणि हा मिठागरावरून येऊन पायरीवर गप्प बसलेला. मी म्हटलं, "अरे, तुझे लोक हरतायत!" तर म्हणतो, "हरू दे, आई." मी हातातला तांदूळ तसाच धरून उभी राहिले. निळे हरू दे, असं त्याच्या तोंडून मी जन्मात ऐकलं नव्हतं.

आता माझं ऐक. मी उत्तरेतल्या मोका गावची. आमच्याकडे पोर आधी पिवळं होतं, मग त्याचा बाप्तिस्मा होतो. तुझ्या आजोबांनी, एलिहिओनं, मागणी घातली तेव्हा माझ्या भावांनी त्याच्याबद्दल एकच वाईट गोष्ट काढली. हा राजधानीच्या निळ्यांचा. पण दिसायला बरा होता, काय करणार! लग्न करून दक्षिणेत आले आणि इथल्या रीतीप्रमाणे नवऱ्याचा रंग घेतला. पन्नास वर्षं निळ्यांसाठी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवायला अक्कल लागत नाही. आत मात्र मी होते तशीच राहिले.

तू सात दिवसांचा झालास तेव्हा अंगणात सगळ्यांसमोर फाउस्तोनं तुझ्या डोक्यावर निळी टोपी ठेवली. ती नाकापर्यंत घसरली आणि तू जो टाहो फोडलास! सगळे हसले. मी जरा जास्तच हसले. पुढे तुझी आई बाजारात, बाप मिठागरात, आणि दुपारी तू माझ्या मांडीवर. मी रेडिओ हळू आवाजात सान्तियागोला लावायची. पिवळ्यांनी धाव काढली की तुझ्या तोंडात नारळाच्या वडीचा तुकडा. निळ्यांनी काढली की काही नाही. नेरेइदा माझ्याकडे बघतेय बघ कशी! तर असं ते. आठ वर्षांचा असताना तू जेवताना म्हणालास, "मी पिवळा." बापानं चमचा खाली ठेवला. "कुणी शिकवलं?" तू छाती काढून म्हणालास, "कुणी नाही, माझं मी ठरवलं." मी घेवड्याचं भांडं ढवळत राहिले. करपलेला नव्हता, तरी ढवळत राहिले.

तेव्हापासून तुम्हा दोघांची थट्टामस्करी चालली, मला वाटलं चालायचंच. पण दोन वर्षांपूर्वी अंतिम मॅचच्या दिवशी तो म्हणाला, "बापाचा रंग सोडला, उद्या बापालाही सोडशील." आणि आठवड्याच्या आत तू नोकरीला सान्तियागोला गेलास. त्याला वाटतं, त्याचं खरं झालं. त्याच दिवशी मी तोंड उघडायला हवं होतं. राडामेस, तू कुणाला सोडलं नव्हतंस. मी तुला वडी देऊन तिकडे नेलं होतं. त्याला हे अजून सांगितलेलं नाही. एकटीला धीर होत नाही. तू शेजारी उभा राहा, मग सांगेन.

आता गुरुवारचं. परवा सकाळी मला दोरीवर त्याची निळी टोपी वाळताना दिसली. हंगाम चालू असताना टोपी धुवायची नसते, हे इथलं शेंबडं पोरही जाणतं. नशीब धुऊन जातं. फाउस्तोनं ती स्वतः धुतली होती, साबण लावून, घर आवरायला घेतल्यासारखी. आतल्या पट्टीत घडी घालून ठेवलेला दवाखान्याचा कागद त्यानं टेबलावर उघडाच टाकला होता. आईला अक्षर येत नाही, मग लपवायचा कशाला! मी तो झग्यात लपवून नेरेइदाकडे आणला, तिनं वाचून दाखवला. गुरुवारी सकाळी सात वाजता राजधानीत त्याची छाती उघडणार आहेत. मला सांगितलंय की चुलतभावाचं छप्पर शाकारायला चाललोय. बाळा, डॉक्टरांचं मला काही कळत नाही, पण धुतलेली टोपी कळते. ये. आणि पिवळी टोपी घालूनच ये. ती बघून त्यानं तुला, मला, निदान पंचाला तरी एक सणसणीत शिवी हासडली, की मी समजेन, माझा फाउस्तो अजून खेळात आहे.

वाटेकडे डोळे लावून बसलेली, तुझीच पिवळी
आजी
(खाली अंगठा माझाच आहे. डाग कॉफीचा.)