राखाडी शालवाली बहीण

दि. ९ ऑक्टोबर, सोमवार

चिंगे,

आशीर्वाद. तुमच्याकडे सगळे बरे असतील असं धरून चालते. नसते तर तू कळवलं असतंस. गप्प बसायची खोड मला आहे, तुला नाही. तुझ्या नवऱ्याचा खोकला गेला का? त्याला म्हणावं, खोकताना तोंडापुढे रुमाल धरत जा, फोन नव्हे.

माझं ठीक. पायाची गाठ काढली ते तुला सांगितलंच होतं. टाके सुकले. खालच्या मजल्यावरच्यांनी पुन्हा जिन्यात सायकल लावायला सुरुवात केली होती, त्यांना चांगलं झापलं. आता ते सायकल वर गच्चीत नेतात आणि मला बघून दार लावून घेतात.

फोन करायचा सोडून पत्र का, असं तुझ्या मनात आलं असेल. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये माझी सगळी नोकरी गेली. नुसत्या 'हॅलो'वरून मला कळायचं पलीकडच्या घरात काय झालंय ते. तू माझीच बहीण, तुलाही थोडंफार कळतं. म्हणून कागद बरा.

तर ती गाठ. साधी नव्हती. मांडीच्या मांसात रुजलेला कॅन्सर होता.

झालं, लिहिलं. लगेच रडायला बसू नकोस. सर्जननं ती आजूबाजूच्या चांगल्या मांसासकट काढली, पाय वाचला, मी काठी घेऊन चालते. आता त्याच जागेवर किरण द्यायचे, शनिवार-रविवार सोडून रोज, दीडेक महिना. गाठ गेली तर किरण कशाला, असं मी विचारलं. किरणांचे डॉक्टर म्हणाले, "घर झाडलं तरी वर ओलं फडकं मारतोच ना आपण? डोळ्यांना न दिसणारं काही राहिलं असेल तर तेही जावं." मी म्हटलं, "माझ्या घरी झाडल्यावर काही राहत नाही." ते हसले. मी काही बोलले की लोकांना तो विनोद वाटतो, हे माझं दुर्दैव.

सुरुवातीला पायाचा साचा करतात, म्हणजे रोज पाय तसाच्या तसा पडतो. मग स्कॅन काढून मांडीवर शाईनं रेषा आखतात. पायाची एक उभी पट्टी मुद्दाम किरणांच्या बाहेर ठेवतात. सगळीकडून भाजला तर पायात उतरलेलं पाणी वर परतायला वाट राहत नाही आणि पायाचा खांब होतो. इतका बारीक विचार, आणि तो सगळा त्या शाईच्या भरवशावर.

तिथंच घोळ झाला.

रेषा आखून झाल्या. मी अजून टेबलावरच. नर्सबाई विचारते, "आजी, बरोबर कोण आहे?"

एक तर आजी कोणाची? मला मूल नाही, मग नातू कुठून येणार? आणि दुसरं म्हणजे पेशंट शुद्धीवर, कान तिच्यापेक्षा तल्लख, तरी सूचना द्यायच्या त्या बरोबरच्या माणसाला. अशी इथली पद्धत. मी म्हटलं, "बहीण आहे. बाहेर बसलीय."

"कुठली?"

"राखाडी शालवाली." आत येताना दाराजवळ एक राखाडी शाल दिसली होती, तीच तोंडात आली.

मला वाटलं, विषय संपला. पण ही बाई कामाला वाघ. बाहेर जाऊन राखाडी शालीला सगळं समजावून आली आणि मला म्हणते, "तुमच्या बहिणीला नीट सांगितलंय हं. किती शांत आहेत हो त्या!" म्हणजे मी काय आहे ते वेगळं सांगायला नको.

घरी आले. मांडीभर जांभळ्या रेघोट्या. अंगावर शाई मला सहन होत नाही, तुला ठाऊक आहे. बोटाला शाई दिसली की शाळेतल्या नन्स आपल्याला नळाखाली उभं करून दगडानं घासायला लावायच्या. तू डावखुरी, तुझा तर अख्खा तळवा सोलून निघायचा. साबण आणि पाय घासायचा दगड घेऊन मी बसले. व्रण तेवढा सोडला. बाकी मांडी लख्ख.

आठवड्यानं किरणांचा पहिला दिवस. मशीन चालवणाऱ्या टकलूनं चादर सारली आणि नुसता बघत राहिला.

"आजी, रेषा कुठे गेल्या?"

"धुतल्या."

"धुतल्या?"

"माणसं अंघोळ करतात."

तो मटकन स्टुलावर बसला. "अहो, पण तुमच्या बहिणीला सांगितलं होतं ना, साबण लावायचा नाही, घासायचं नाही म्हणून!"

नर्सबाई तरातरा बाहेर, मी काठी टेकत मागे. राखाडी शाल त्याच खुर्चीत. "तुम्हाला बजावलं होतं ना हो, पायाला साबण लागू द्यायचा नाही?"

ती बिचारी दचकून उभीच राहिली. "नाही लागू दिला! आठवडा झाला, आमच्या यांच्या पायाला पाण्याचा थेंब लागू दिला नाही. चिडले माझ्यावर. म्हणाले, दुखणं माझ्या गळ्याला आणि तू पाय कशाला जपतेस? मी म्हटलं, डॉक्टरांना आपल्यापेक्षा जास्त कळतं."

चिंगे, सगळा हॉल हसला. मीही हसले, पोट धरून. मग नर्सबाई डोळे पुसत माझ्याकडे वळली. "अगंबाई, मग तुमची बहीण कुठाय?"

आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी म्हटलं, "तिच्या घरी आहे."

पुन्हा स्कॅन, पुन्हा मापं, आठवडा वाया. डॉक्टर रागावले असते तर मी उत्तर दिलं असतं. ते रागावले नाहीत. खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, पुढे पुढे कातडी भाजून सोलवटेल, थकवा येईल, घसरून पडलात तर चालणार नाही, कारण किरणांनी मांडीचं हाड ठिसूळ होऊ शकतं. घरात कोणीतरी हवं. कोण आहे? मी सायकलवाल्यांचं नाव सांगितलं.

शाईवर आता त्यांचा विश्वास नाही. सुईनं ठिपके गोंदलेत. या वयात गोंदून घेतलं. नन्सना कळलं असतं तर नळाखाली जन्म गेला असता.

आज तिसरा दिवस. टकलू पाय साच्यात बसवतो, ठिपके जुळवतो आणि सगळे बाहेर जातात. जाड दार लागतं. मग भिंतीतून आवाज येतो, "आजी, हलायचं नाही हं." पलीकडच्या माणसाला धीर देणारा तो आवाज इतकी वर्षं माझा असायचा, चिंगे. आता मी ऐकते. मग तोही थांबतो. काही दुखत नाही, कळतसुद्धा नाही. नुसती घरघर, आणि त्या एवढ्या मोठ्या खोलीत मी.

मागच्या खेपेला तू म्हणालीस, "ताई, एकटी राहून राहून तू तुसडी झालीस," आणि बॅग उचलून गेलीस. तो शब्द मी विसरलेले नाही. भांडणात माझंच बरोबर होतं, हे आजही म्हणते. विचारल्याशिवाय दुसऱ्याच्या स्वयंपाकघरातले डबे हलवत नाहीत.

खिडकीजवळच्या खाटेवरचा पसारा मी काल आवरला. वर धुतलेली चादर घातली आहे. डबे तुला हवे तसे लाव. मी बोलणार नाही. बोललेच तर तू लक्ष देऊ नकोस.

तुला करायचं काही नाही. रोज सकाळी दाराजवळच्या खुर्चीत बसायचं. नर्सबाई विचारील, बरोबर कोण आहे? मी आतून सांगेन, बहीण आहे. ती बाहेर येऊन बघेल. तेवढ्यापुरती तू तिथं असावीस.

राखाडी शाल मात्र आणू नकोस.

ये.

तुझी तुसडी,
ताई