चित्रकलेचा तास

प्रिय ठमाबाई,

तिशी ओलांडलेल्या, प्रयोगशाळेत चार माणसांवर हुकूम चालवणाऱ्या बाईला अशी हाक मारू नये, हे मला कळतं. पण दोन दिवसांत तीन कागद टरकावून झाले, 'प्रिय'च्या पुढे दुसरं काही उमटेना. आधीच सांगतो, तब्येत ठीक आहे. तुझी आई रोज विचारते, "जेवणात लक्ष नाही, झालंय तरी काय?" तिलाही मी काही बोललेलो नाही. येत्या सोमवारी शाळेच्या समितीची बैठक आहे, आणि एकतीस वर्षं मुलांना व्याकरण शिकवलेला मी, तिथे काय बोलायचं ते मनात घोकत बसतोय.

आपली शाळा जुन्या वळणाची, ते तुला ठाऊकच आहे. आधी व्याकरण, मग तर्क, मग वक्तृत्व, आणि त्यांच्या मांडीला मांडी लावून भूमिती, गायन, चित्रकला. ज्यांनी शाळा काढली त्यांनी वेळापत्रकच तसं आखलं होतं. आता निकाल घसरलाय म्हणून मोठ्या बाईंनी ठराव आणलाय. गायन आणि चित्रकला बंद, ते तास व्याकरणाला आणि तर्काला द्यायचे. गंमत बघ, ठरावाला जोडलेलं टिपण माझंच आहे! सहा वर्षांपूर्वी मी मोठ्या ठसक्यात लिहून दिलं होतं, की सुरेख रेघा ओढून कुणाला वाक्य नीट लिहिता आल्याचं ऐकिवात नाही. परवा मोठ्या बाई हसून म्हणाल्या, "सर, उशिरा का होईना, तुमचं म्हणणं पटलं बरं का सगळ्यांना." मला ठसकाच लागला.

कारण मध्यंतरी एक गोष्ट घडली. चित्रकलेचे सर हृदयाच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळले आणि पंधरा दिवस त्यांचा तास माझ्या गळ्यात पडला. मला त्यातलं काय कळतंय? कपाटातला प्लास्टरचा हात टेबलावर ठेवला, "काढा" म्हटलं आणि वह्या तपासायला बसलो. त्या वर्गात एक मुलगी आहे. आम्ही शिक्षक आपसांत तिला 'अर्धविराम' म्हणतो, कारण तिचं एकही वाक्य पुरं होत नाही. चूक दाखवली की ती पेनच खाली ठेवते. ती त्या दिवशी एक रेघ पुसत होती, काढत होती, पुन्हा पुसत होती. कागदाला भोक पडायची वेळ आली तेव्हा मी म्हटलं, "अगं, दुसरा कागद घे." तर मान वर न करता म्हणते, "थांबा ना सर. बोटं बरोबर आहेत, मी त्यांच्यामधली जागा चुकतेय."

माझ्या हातातलं लाल पेन तसंच राहिलं. आपली चूक आपण शोधायची, ती नेमकी कुठे आहे ते सांगायचं आणि रडारड न करता दुरुस्त करायची. तर्काच्या तासाला मी याच्यासाठीच तर घसा कोरडा करत आलो! मग मीही एक कागद ओढला. माझा हात म्हणजे बटाट्याला फुटलेले कोंब. पोरं खो-खो हसली, अर्धविरामही हसली आणि म्हणाली, "सर, तुम्ही समोर बघतच नाही. तुम्हाला पाठ असलेला हात काढताय." पूर्ण वाक्य, क्रियापदासकट! त्याच आठवड्यात तिनं माझ्या तासाला निबंधातलं एक वाक्य चारदा खोडलं, पण पेन काही खाली ठेवलं नाही.

काल सरांना बघायला गेलो. उशीला टेकून बसले होते, फार वाळलेत. ठराव त्यांच्या कानावर गेलाय. "उचलून न्या, पण सोमवारी मला बैठकीला न्या," म्हणत होते. मग तुझी चौकशी केली. "चित्रं काढते का हो अजून?" मी त्यांच्यासाठी पाणी ओतत राहिलो. पेला भरून सांडला.

आता लिहितोच. तू तेरा वर्षांची असताना मी तुझा चित्रकलेचा तास बंद केला आणि तुला जादा व्याकरणाला बसवलं. तू जेवेनास. तेव्हा मी तुला सांगितलं, की खुद्द सरच म्हणालेत, हिच्या हातात चित्रकला नाही, उगाच वेळ घालवू नका. तू रडली नाहीस. उठून ताटावर आलीस, रंगांची पेटी शेजारच्या मुलीला देऊन टाकलीस, आणि पुढे सर रस्त्यात दिसले की वाट बदलायला लागलीस. ते बिचारे मला विचारायचे, "माझं काही चुकलं का?" ठमे, तू घरी नसताना सर आले होते. तिला वर्गातून काढू नका म्हणून दारात उभे राहून अर्धा तास विनवत होते. मी त्यांना बसा सुद्धा म्हटलं नाही. सोमवारी मी ते टिपण मागे घेणार आहे आणि त्यांच्यासमोर हे सगळं सांगणार आहे. पण चारचौघांत बोलण्याआधी ते तुला कळायला हवं, माझ्याकडून. सरांनी तसं कधीच म्हटलं नव्हतं. ते वाक्य माझं होतं.

तू बोलणं टाकलंस तरी तुझाच,
बाबा