टेकडीवरचा दिवा

सोमवार, ३

पुन्हा बारा टक्के!

काल संध्याकाळी शंभर होते. माझ्या डोळ्यांनी बघितले. दिवसभर ऊन पिऊन बॅटऱ्या टम्म. रात्रभर वस्ती त्यावर चालते. वीसवर आल्या की यंत्र आपोआप वस्तीची लाईन तोडतं – आजही पहाटे चारला तोडली. सहाला पाववाला टेकडी चढून दारात! कोपरापर्यंत हात पिठाने पांढरे.

"अरे ए वरच्या, पीठ अर्धं मळून मशीन मेलं माझं! आमच्याकडे काळोख, आणि तुझ्या दारात भर दुपार!"

म्हटलं, हा राखणीचा दिवा आहे, वस्तीच्या लाईनवर नाही.

"राखण? कसली, दगडांची?"

बरोबर बोलला. बॅटऱ्या चार माणसांना उचलत नाहीत. राहता राहिलो मी – आणि मला कोण नेतंय!

हे वहीच्या मागच्या पानांवर लिहितो. पुढे आकडे, ते साहेबांसाठी.

मंगळवार, ४

आईचा फोन. "दिवसाचं ऊन रात्री कसं जळतं रे?"

म्हटलं, दिवसा पाणी भरून ठेवतो ना, तसं. रात्री तांब्या बुडवायचा.

"आणि कुणी चार तांबे जास्त बुडवले म्हणजे?"

शाळेची पायरी चढली नाही, पण प्रश्न साहेबाचे! मग हसतच सुटली – "दिवेलागण झाली की माझा पदर सोडायचा नाहीस, आणि आता लोकांना उजेड वाटतोस!"

मीही हसलो. फोन बंद झाला तरी कानाला तसाच धरून बसलो.

बुधवार, ५

पॅनल पुसले. दिवसभर एक शब्द बोललो नाही. संध्याकाळी खोकलो तर माझाच आवाज ओळखू येईना.

गुरुवार, ६

साहेबांचा फोन. "कुणीतरी जास्त ओढतंय. घर शोध, तार काप. सोमवारी दहाला येतो. तोवर सापडलं नाही तर तू खाली उतर, दुसरा चढेल."

हे सहावं काम. आधीची पाच मीच टाकून पळालो. ताई म्हणते, तुझ्या पायाला भिंगरी आहे. इथे तीन महिने टिकलो. आता कुठे दिवे ओळखीचे झालेत – दहाला शाळेजवळचे विझतात, अकराला सगळी वस्ती. नाल्याकाठचं शेवटचं घर मात्र लाईन तुटेपर्यंत जळत असतं. रोज!

सापडला चोर. साहेबांना लगेच सांगून टाकलं.

खरं लिहितो – त्या एका दिव्याकडे बघत बघतच मला झोप लागते.

शनिवार, ८

खिशात पक्कड घालून उतरलो. शेवटच्या घरात एक म्हातारी, एकटीच. पूर्वी सुईण होती. अर्ध्या वस्तीला तिनेच या जगात आणलं म्हणे, पाववाल्यालासुद्धा. "पायाळू होता मेला. तेव्हापासून उलटाच बोलतो!"

मी काही बोलायच्या आत म्हणाली, "तू वरचा ना? ये. एवढासा आहेस होय! लांबून दिवा केवढा दिसतो तुझा."

म्हटलं, आजी, तुमचा दिवा रात्रभर का जळतो?

"तुझ्यासाठी."

मला काही कळेना.

"गुडघे झोपू देत नाहीत. जाग आली की वर बघते. एकटं पोर, रात्रभर दिवा लावून बसतं. भीत असेल. म्हटलं, त्यालाही खाली कुणीतरी जागं दिसू दे."

पक्कड खिशात तापली की काय, मांडी भाजत होती. दोन कप चहा प्यायलो आणि परत चढलो. तार कापली नाही.

रविवार, ९

झोप नाही. एक हिशेब डोक्यातून जाईना. वस्ती तुटते वीसवर. मग सकाळी बारा कसे? खाली सगळा अंधार असताना आठ टक्के कुणी खाल्ले?

स्टूल घेतलं, दारावरचा दिवा उतरवला. मागे लिहिलंय – ५०० वॅट. आजींच्या घरातला, वस्तीतल्या सगळ्यांसारखाच, ९ चा. चौथीपर्यंतचं गणित, बोटांवर केलं. पंचावन्न घरं! पंचावन्न घरांचा उजेड मी एकटा जाळत होतो. पहिल्याच रात्री इथला छोटा दिवा काढून कोठीतला हा जुना दांडगा मीच लावला होता. अंधार फार होता, आणि बघायला कुणी नव्हतं.

काखेत कळसा, गावाला वळसा! आणि चोर म्हणून नाव कुणाचं सांगितलं – तर तिचं.

उद्या साहेबांना काय तोंड दाखवू? पिशवी भरली आहे. पाच ठिकाणी जमलं, सहाव्यालाही जमेल. आज दिवा लावणार नाही. अंधार पडला, वस्ती झोपली की निघतो.

सोमवार, १०

सकाळी सहाला चौतीस टक्के! पाववाल्याचं मशीन चालू आहे. त्याचा आवाज इथवर येतो, हे आजच कळलं. साहेबांच्या बाजूच्या पानावर सगळं लिहून ठेवलंय – दिवा माझा, चूक माझी, शेवटच्या घराचा काही दोष नाही.

आजी आत माझ्या खाटेवर झोपल्या आहेत.

काल अंधारात निम्मी वाट उतरलो, तर खालून एक टॉर्च हलत येत होता. काठीचा आवाज. मोठी धाप. "कोण, तू का? दिवा का नाही रे लावलास? म्हटलं, पोराला काही झालं की काय!" त्या गुडघ्यांनी अर्धी टेकडी चढून आल्या होत्या.

मग टॉर्च माझ्या पिशवीवर आला.

"कुठे निघालास?"

"तुमच्याकडेच," म्हटलं.