आतली बिजागरी

बाबा,

मी पत्रा आणायला जातेय. लाल गाडीच्या उजव्या दाराची तुम्ही केलेली बिजागरी सकाळी कापून काढली आणि नवी बसवली. न विचारता केलं, रागावू नका. दार पत्र्याला घासत होतं. पत्रा तापून ओढला गेला असं तुम्ही म्हणालात, मीही मान डोलावली. पण वेल्डिंग करताना तुमचा हात थरथरत होता, ते मी पाहिलं होतं. आता बिजागरी बाहेरून दिसत नाही, दारही अलगद लागतं. गाडीचे मालक आले तर तुमचंच काम आहे म्हणून सांगा.

अकरा वाजता काका तुम्हाला डॉक्टरांकडे न्यायला येतील. या वेळी त्यांना परत पाठवू नका. वेल्डिंगची गन मी सोबत नेलीय, शोधत बसू नका.

चिमी