एक्कावन्नाव्या मिनिटाच्या टाळ्या

स्कारथॉर्प,
रविवार, १३ नोव्हेंबर

प्रिय नेव्हिल,

तुझं कार्ड मिळालं. तिकडचा समुद्र फार निळा आहे. इतका निळा समुद्र मला उद्धट वाटतो. ग्रासाला माझी आठवण सांग. तिच्या कॅफेत तू कपबशा विसळतोस हे वाचून मी चहा सांडेपर्यंत हसले. इथल्या संसारात तू कधी चमचासुद्धा उचलला नाहीस, हे तिला सांगायचं की नाही ते तुझं तू बघ.

इकडे सगळं ठीक. गुडघा दुखतो. बॉयलर दुरुस्त झाला. टाउन फुटबॉल लीगच्या तळाला आहे. म्हणजे सगळं जिथल्या तिथे.

आता एक गंमत. हस, पण बसून हस. तू मेलास.

म्हणजे काल, मिल लेनच्या मैदानावर, सगळ्यांच्या देखत. तू कुणाला न सांगता गेलास. "बायकोनं सोडलं ते लोकांनी मनावर घेतलं नाही, जॅनिस, पण मी टाउनला सोडलं हे ते माफ करणार नाहीत. त्यांना सांगू नकोस. मला एकदा न भिजता शनिवार बघायचाय." तुझेच शब्द. मी तोंड शिवून बसले. पण तू यंदा टाउनच्या सामन्यांचं सीझनचं तिकीट घेतलं नाहीस, आणि आपल्या समर्थक मंडळाच्या गॉर्डननं त्याच्या अकलेप्रमाणे तर्क केला. घटस्फोटाच्या वर्षी यानं तिकीट घेतलं. कारखाना बंद पडला त्या वर्षी घेतलं. हर्नियाचं ऑपरेशन झालं तेव्हा टाक्यांसकट येऊन बसला. आता घेतलं नाही. मग माणसानं काय समजायचं?

उत्तरार्धात, एक्कावन्नाव्या मिनिटाला, म्हणजे तुझ्या वयाच्या मिनिटाला, लाउडस्पीकरवर तुझं नाव पुकारलं आणि गेलेल्या माणसासाठी मिनिटभर वाजवतात तशा सगळं मैदान उठून टाळ्या वाजवायला लागलं. मी ओरडले, "अरे, जिवंत आहे तो!" तुझ्या खुर्चीपलीकडच्या बूथबीबाईंनी हात लांब करून माझा खांदा दाबला. "रड, पोरी, रड. मोकळी हो." एवढ्यात आपल्याला कॉर्नर किक मिळाली, चेंडू आपल्या त्या लांबड्या पोराच्या पाठीवर आपटला आणि गोलात गेला. त्यानं बघितलंसुद्धा नाही. सहा सामन्यांतला पहिला गोल. मग माझं कोण ऐकतंय?

सामना संपल्यावर गॉर्डनला गाठलं. म्हटलं, "तिकीट नाही घेतलं तर माणूस कंटाळला असेल, असं नाही वाटलं तुला?"

"कशाला कंटाळेल?"

"टाउनला."

त्यानं माझ्याकडे फार कणवेनं बघितलं. "दुःखात माणूस काहीही बोलतो गं," म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. ते तुझ्यासाठी होतं की जिंकल्यामुळे, ते मला कळलं नाही. पुढच्या शनिवारी नीट सांगते.

हो, आणि टाळ्या चालू असताना तुझी खुर्ची आपोआप खाली आली. स्प्रिंगची खुर्ची ती, माणूस उठला की वर दुमडते. ही कुणी न बसता खाली आली आणि तशीच राहिली. गंजली असेल. या स्टँडमध्ये न गंजलेलं आहे काय, प्रेक्षकांसकट.

तुला आता "मेल्या" म्हणायची सोय राहिली नाही, एवढं वाईट वाटतं.

तुझी शोकाकुल बहीण,
जॅनिस


स्कारथॉर्प,
रविवार, २६ फेब्रुवारी

प्रिय नेव्हिल,

तब्येतीचं वाचलं. छातीवर कुणी बसल्यासारखं होतं, दम लागतो आणि पाय गार पडतात, आणि हे नेमकं शनिवारी दुपारी चार वाजून गेल्यावर. डॉक्टरला काही सापडत नाही आणि ग्रासा वाइनला दोष देते. वाइनला उगाच बोल लावू नये. लोकरीचे मोजे पाठवते आहे. पोर्तुगालमध्ये लोकरीचे मोजे घालणारा तू पहिलाच असशील.

तू निकाल बघायचे नाहीत अशी शपथ घेतली आहेस, म्हणून आकडे सांगत नाही. एवढंच सांगते की आपण जिंकतो आहोत. घरी, बाहेर, पावसात, पंच आंधळा असताना. अजून खालून तिसरे-चौथे आहोत, पण शेवटच्या दोघांना लीगबाहेर काढतात आणि ते दोघं सध्या आपल्या खाली आहेत. लीगबाहेर गेलो तर क्लबचा मालक मैदान विकणार, हे त्यानं आता चारचौघांत सांगून टाकलंय. सुपरमार्केट येणार म्हणे. बाबांच्या खांद्यावर बसून आपण पहिला सामना बघितला, तिथे गोठवलेले वाटाणे मिळतील.

तू म्हणशील, मी लोकांना खरं सांगितलं का. सांगायचं होतं. पण दुसऱ्या शनिवारी गॉर्डननं पुन्हा टाळ्यांची घोषणा केली. "चालत्या गाडीचं चाक कशाला बदलायचं?" म्हणाला. त्या मिनिटाला पुन्हा गोल झाला. मग तिसऱ्या शनिवारी. आता प्रत्येक सामन्यात, परगावीसुद्धा, आपली बसभर माणसं एक्कावन्नाव्या मिनिटाला उभी राहतात, आणि समोरच्या गावचे लोक सभ्यपणे त्यांना साथ देतात. दुकानात तुझ्या चेहऱ्याचे शर्ट आलेत. फोटो तुझ्या लग्नातला निवडलाय, डोळे मिटलेला. बरा दिसतोस.

खुर्ची दुरुस्त झाली नाही. आता ती टाळ्यांची वाट बघत नाही. सामना सुरू झाला की हळूच खाली येते आणि शेवटची शिट्टी होईपर्यंत वर जात नाही. बूथबीबाई तिच्यापाशी बोव्हरिलचा, त्या बीफच्या रश्शाचा, कढत कप ठेवतात आणि बोलत बसतात. "नेव्हिल, गोलकीपर बदलला रे. हासुद्धा आंधळाच." कपातून वाफ यायची थांबते ती मिनिटभरात. मी मागच्या खेपेला हात लावून बघितला. कप नदीतून काढल्यासारखा गार होता.

एकदा ती खुर्ची मी दोन्ही हातांनी वर ढकलून बघितली. कुणी बसलेलं असताना खुर्ची उचलायचा प्रयत्न करून बघ, म्हणजे तुला कळेल मी काय म्हणते ते.

"अगं, त्याला कशाला उठवतेस?" बूथबीबाई म्हणाल्या. "आत्ताच टेकलाय."

बरं, एक विचारायचं होतं, सहजच. तू लिहिलंस की या वेळी तो झटका शनिवारी नाही, मंगळवारी आला, रात्री नऊच्या सुमारास, आणि हातातला कप फुटला. मंगळवारच ना, नक्की? त्या मंगळवारी आम्ही दिव्यांच्या उजेडात खेळत होतो, पण ते जाऊ दे. आणि जानेवारीत एका शनिवारी मैदान गोठलं म्हणून सामना रद्द झाला होता. महिन्याचा शेवटचा शनिवार. त्या दिवशी तुला कसं वाटत होतं, तेवढं आठवून कळव. सहजच विचारते.

शनिवारी दुपारी पडून राहत जा.

जॅनिस


स्कारथॉर्प,
गुरुवार, ३ मे

प्रिय नेव्हिल,

तुझं उत्तर मार्चमध्येच आलं होतं. जानेवारीतल्या त्या शनिवारी तू खडखडीत होतास. पोहून आलास, दोन मासे खाल्लेस, रात्री ग्रासाबरोबर नाचलास. मी ते पत्र वाचलं, घडी घातली आणि ओटा पुसायला लागले. चांगला बराच वेळ पुसला.

त्यानंतर मी तुला लिहिलं नाही. गुडघा दुखत होता, असं लिहिणार होते. पण गुडघ्यानं कुणी लिहीत नाही.

गेल्या शनिवारचं सांगते. मी ठरवून गेले होते, टाळ्या वाजवायच्या नाहीत. एका माणसाच्या टाळ्या कमी पडल्यानं काय होतं ते बघायचं. आपण एका गोलानं मागे होतो. मिनिट आलं, सगळे उठले, मी हात कोटाच्या खिशात घट्ट धरून उभी. गोल होईना. मिनिट सरत आलं. बूथबीबाईंनी माझ्याकडे बघितलं. मग मागच्या रांगेनं. कुणी रागावलं नव्हतं, नेव्हिल. सगळे मला समजून घेत होते आणि टाळ्या वाजवत होते. मिनिट संपलं तरी थांबले नाहीत. मग खुर्चीतून खोकल्याचा आवाज आला. सामना हातचा जायला लागला की तू खोकायचास ना, दोनदा कोरडा, एकदा ओला? तसाच. आणि बघते तर माझे हात खिशाबाहेर. तळवे लाल झाले होते. मी कधीपासून वाजवत होते कोण जाणे.

बरोबरी झाली.

रविवारी सकाळी ग्रासाचा कॅफेतून फोन आला. तिला इंग्रजीचे चार शब्द येतात, त्यांतले तीन तिनं वापरले. थंड. झोप. शनिवार. तेच पुन्हा पुन्हा, आणि मध्ये रडणं. मागे तुझा श्वास ऐकू येत होता. श्वासामागे आणखी काहीतरी होतं, गर्दीसारखं, लांबून येणारं. तिचं कॅफे रविवारी सकाळी बंद असतं, हे तूच मला लिहिलं होतंस.

म्हणून परवा, मंगळवारी, मी मंडळाच्या बैठकीला गेले. विव्हर्स पबच्या मागच्या खोलीत सगळे होते. शेवटच्या सामन्याला कोणतं गाणं म्हणायचं यावर वाद चालला होता. मी उभी राहिले आणि म्हटलं, "नेव्हिल जिवंत आहे. पोर्तुगालला आहे. आणि आपण त्याला मारतो आहोत."

कुणी हसलं नाही. गॉर्डननं ग्लास खाली ठेवला.

"ठाऊक आहे, जॅनिस."

"काय ठाऊक आहे?"

"नाताळात आमची मेहुणी तिकडे गेली होती सुट्टीला. तिला दिसला कप विसळताना. बारीक झालाय म्हणे."

"नाताळापासून? आणि तरी तुम्ही..."

"मग काय करायचं होतं? आपण तळाला होतो गं."

"माणूस आहे तो, गॉर्डन!"

"टाउनचा माणूस आहे," गॉर्डन म्हणाला, अगदी मऊपणानं. "लीगमध्ये टिकायला एक पॉइंट हवाय. एकच. बरोबरीसुद्धा चालेल. पुढच्या सीझनला टाळ्या बंद, मी शब्द देतो."

बूथबीबाईंनी माझा हात हातात घेतला. "तो तिकडे आहे तर असू दे की, पोरी. इकडेही आहेच ना? उलट इकडे जरा जास्तच आहे आता. परवा तर मला त्याचे गुडघे लागले."

"त्यालाच विचार," कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं. "विचार त्याला, टाउनसाठी हे करशील का म्हणून. बघ काय म्हणतो."

मी कोट घेतला आणि घरी आले. कारण तू काय म्हणशील ते त्यांनाही ठाऊक आहे आणि मलाही. तू उन्हात जाऊन बसलास म्हणून काही वेगळा माणूस झाला नाहीस. न विचारलेलंच बरं, असं मी वाटभर स्वतःला सांगत होते. विचारलं नाही म्हणजे तू हो म्हटलं नाहीस. आणि तू हो म्हणालाच असतास, म्हणून न विचारून मी काही वाईट केलं नाही. दोन्ही बाजूंनी मी सुटते. इतका चांगला बचाव टाउनला आयुष्यात कधी जमला नाही.

मला वाटतं, तू इथे येऊन त्या खुर्चीत बसलास तर हे सगळं थांबेल. लोक बघतील, "अरे, हा तर आलाय," म्हणतील, दोन शिव्या घालतील आणि खाली बसतील. जिवंत माणसासाठी कुणी इतक्या टाळ्या वाजवत नाही. हे मला आज सुचलेलं नाही. ईस्टरच्या आसपासच सुचलं होतं. "ये" एवढंच लिहायला मी हे पत्र सुरू केलं होतं.

पत्र तिकडे पोचायला आठवडा लागतो. सामना परवा आहे.

ग्रासाच्या कॅफेचा नंबर फ्रिजवर लावलेला आहे. दूध काढताना दिसतो, दूध ठेवताना दिसतो. काल रात्री जेवण झाल्यावर मी फोन मांडीवर घेऊन बसले होते. शेवटचे दोन आकडे राहिले होते. मग मनात आलं, मी बोलावलं, तू आलास, आणि आपण हरलो तर? तू जिवंत आणि मिल लेन नाही. मग दर शनिवारी आपण दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसणार, आणि तू मला विचारणार, जॅनिस, तू फोन का केलास?

मी फोन जागेवर ठेवला. दारं-खिडक्या लावल्या. झोप लागली, आणि चांगली लागली. हे तुला कळायला हवं म्हणून लिहिते.

परवा ऊन असेल म्हणतात. बूथबीबाई तरी घोंगडी आणणार आहेत, तुझ्या गुडघ्यांवर टाकायला. मी तुझ्या शेजारीच असेन. तिकडे तुला काही जाणवलं तर समज, त्या टाळ्यांतले दोन हात माझे आहेत आणि ते इतरांपेक्षा हळू वाजत नाहीत. पहिल्यांदाच मी मन लावून वाजवणार आहे. तुझ्यावर माझं प्रेम आहे हे दाखवायची दुसरी रीत मला कुणी शिकवली नाही, तुलाही नाही.

हे पत्र तुझ्या हातात पडेल तेव्हा निकाल लागलेला असेल. पडेल, असं धरून चालते.

आधी टाउनची, मग तुझी,
जॅनिस